कळलावी दरवर्षी ‘मरते’ ती कशामुळे?

दिवाळीच्या सुमाराला फोन येतो, “अगं, तू दिलेली कळलावी वाळली.” पुढच्या जूनमध्ये त्याच घरातून दुसरा फोन, “उगवलीच नाही गं.” मधल्या सात महिन्यांत काय केलंत असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, “काय म्हणजे? रोज पाणी घालत होते की!”

झालं, निदान इथेच संपलं. पण हे उत्तर ऐकून हसायचा हक्क मला नाही, कारण मी स्वतः तीन वर्षं ओळीने कळलावी घालवली आहे आणि तीनही वेळा वेगळ्या चुकीने. आईच्या वाडीत, कोकणात, हीच वेल निवडुंगाच्या कुंपणातून कुणी ढुंकूनही न बघता श्रावणात पेटल्यासारखी फुलते. तिला ना खत, ना पाणी, ना औषध. तीच ठाण्यातल्या गॅलरीत आणली की नखरे करते. नखरे तिचे नसतात, आपले असतात, हे कळायला मला तीन वर्षं लागली.

आधी ओळख पटवून घ्या. कळलावी म्हणजे अग्निशिखा, काही ठिकाणी खड्यानाग. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. पानाच्या टोकाला बारीक स्प्रिंगसारखा वळलेला ताणा असतो आणि त्याने ती आधार धरते. फुलाच्या सहा पाकळ्या मागे, म्हणजे वरच्या बाजूला उलटलेल्या, कडा नागमोडी. कळी उमलताना हिरवट, मग पिवळी, मग बुडाशी पिवळी नि टोकाला लाल, आणि शेवटी अख्खी तांबडीलाल. (फूल रोज रंग बदलतं म्हणजे काही रोग आहे का, असंही एकाने विचारलं होतं. नाही. ते तसंच असतं.) तमिळनाडूचं हे राज्यफूल आणि झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल, एवढा तिचा पसारा आहे.

आता मूळ तक्रार. कळलावी वाळणारच. ती बारमाही आहे, पण जमिनीखाली. वरचा वेल पावसाळ्यापुरता. जूनच्या तोंडावर कोंब वर येतो, श्रावण-भाद्रपदात फुलं येतात, ऑक्टोबरपासून पानं पिवळी पडतात आणि वेल सगळा जीव कंदात ओढून घेऊन वाळून जातो. त्यानंतर मे महिन्यापर्यंत कंद झोपलेला असतो. या काळात त्याला मुळं नसतात, पानं नसतात, पाणी प्यायला तोंडच नसतं. आपण घातलेलं पाणी मातीत साचतं आणि कंद कुजतो. पाण्याअभावी मेलेली कळलावी मी अजून पाहिलेली नाही. पाण्याने मेलेल्या मात्र बऱ्याच.

माझी पहिली चूक हीच. दुसऱ्या वर्षी शहाणी झाले, पानं पिवळी पडताच पाणी तोडलं. कुंडी मात्र गॅलरीच्या कठड्यालगत उघड्यावर राहिली. नोव्हेंबरात अवकाळी पाऊस दोन दिवस धो धो पडला, मग मार्चमध्ये पुन्हा एकदा. कुंडीच्या भोकात मुळांचा गुंता अडकून बसलेला, पाणी निथळलंच नाही. जूनमध्ये माती उकरली तर कंदाच्या जागी करड्या रंगाचा लगदा आणि कुजक्या बटाट्याचा वास.

तिसऱ्या वर्षी कंद काढूनच ठेवायचे ठरवलं आणि खुरप्याने काढले. कळलावीचा कंद दिसायला राकट, पण खडूसारखा कटकन मोडतो. इथे त्याची रचना समजून घ्यायलाच हवी, कारण निम्मी अपयशं यात दडलेली आहेत. कंद इंग्रजी ‘व्ही’सारखा किंवा काटकोनात वाकलेला असतो. नांगरासारखा दिसतो म्हणून संस्कृतात तिला लांगली म्हणतात. यंदाचा वेल दोन भुजांच्या सांध्यातून वर आलेला असतो, आणि पुढच्या वर्षीचा डोळा असतो भुजेच्या टोकाशी. एका भुजेला एकच डोळा. बटाट्यासारखे चहूकडे डोळे नसतात की एक गेला तर दुसरा फुटेल. ते टोक मोडलं, खरचटलं किंवा उंदराने कुरतडलं की बाकीचा कंद कितीही टणक नि गुबगुबीत असला तरी फुटत नाही. माझ्या तीनही कंदांची टोकं खुरप्याने उडवली होती. ते सप्टेंबरपर्यंत मातीत तसेच पडून होते, कुजले नाहीत आणि उगवलेही नाहीत. सांध्यात मोडून दोन भुजा वेगळ्या झाल्या तर मात्र घाबरू नका. दोन्हींची टोकं शाबूत असतील तर दोन झाडं मिळाली समजा, फक्त मोडलेली बाजू दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या आणि मगच लावा.

आणखी एक गंमत. कंद दरवर्षी नवा होतो. मागच्या वर्षीचा कंद वेलाला पोसता पोसता संपतो आणि त्याच्या जागी नवी जोडी तयार होते. त्यामुळे हिवाळ्यात माती उकरल्यावर आधी हाताला एक सुरकुतलेलं पोकळ साल लागतं. ‘मेला वाटतं’ म्हणून अख्खी कुंडी रिकामी करणारे लोक मला माहीत आहेत. त्या सालाच्या शेजारी, जरा खोल बोटं घाला. नवा कंद तिथे असतो.

तर जूनमध्ये उगवली नाही म्हणून हाय खाण्याआधी हाताने (खुरप्याने नाही) माती बाजूला करा आणि कंद दाबून पाहा. टणक आहे, टोक शाबूत आहे: थांबा, जुलैच्या मध्यापर्यंत उशीर होऊ शकतो. टणक आहे पण टोक गेलेलं: आशा सोडा. मऊ, पचपचीत, वास मारतोय: काढून टाका आणि तीच माती पुन्हा वापरू नका.

या शेवटच्या बाबतीत एक वेगळी खूणही बघून ठेवा. भर पावसाळ्यात चांगला वाढलेला वेल एका दिवसात माना टाकतो, बुडाशी पांढऱ्या धाग्यांची बुरशी दिसते आणि तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे. ही स्क्लेरोशियम नावाची बुरशी. भुईमुगावर, टोमॅटोवरही तीच येते. ते मोहरीसारखे दाणे म्हणजे तिचं बियाणंच, मातीत वर्षानुवर्षं टिकतं. अशी माती कंपोस्टच्या ढिगात अजिबात घालू नये. मी ती एप्रिल-मे महिन्यांत किंचित ओली करून गच्चीवर पातळ पसरते, वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरते आणि पाच-सहा आठवडे उन्हात तापू देते. लागवडीच्या वेळी शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी मित्रबुरशी) मिसळला तर बराच फरक पडतो, पण निचरा वाईट असेल तर ट्रायकोडर्माही काही करू शकत नाही.

निचऱ्याबद्दल माझं मत कडक आहे. काळी माती कुंडीत नको म्हणजे नको. घाटावरच्या लोकांना काळ्या मातीचा अभिमान असतो, असावा, पण तो कपाशीसाठी. कळलावीसाठी दोन भाग तांबडी माती, एक भाग जाड रेती किंवा चिऱ्याचा चुरा, एक भाग कुजलेला पालापाचोळा. कुंडी किमान बारा इंच खोल. कंद आडवा ठेवायचा, वर चार बोटं माती. उभा खुपसू नका, टोक वर की खाली हा घोळ आडवं ठेवलं की मिटतो. मेच्या शेवटी लावा. नर्सरीवाले कधी कधी जानेवारीत कंद विकतात आणि ‘लगेच लावा, पाणी घाला’ असं सांगतात. मी एकदा ऐकलं. पैसे गेले.

झोपेच्या काळात कंद कुठे ठेवायचे? कुंडीतच राहू दिले तर उत्तम, हलवाहलवीत टोक मोडायची भीती नाही. वेल पूर्ण वाळला की तो ओढून उपटायचा नाही, जमिनीलगत कात्रीने कापायचा, आणि कुंडी छपराखाली आडवी करून ठेवायची. आडवी म्हणजे अक्षरशः कुशीवर. अवकाळीचा प्रश्न संपला. जमिनीत लावली असेल आणि जागा उताराची असेल तर काहीच करू नका, आईच्या कुंपणात कुणी काय केलंय?

आता उगवल्यानंतरच्या तक्रारी.

वेल लोळते, चढत नाही. बहुतेकांनी जाड बांबू किंवा पीव्हीसीचा पाइप रोवलेला असतो. कळलावी गोकर्णाच्या वेलासारखी खोडाने वेढे घेत नाही, ती पानाच्या टोकाने धरते आणि ते टोक करंगळीपेक्षा जाड वस्तूला वेढा घालू शकत नाही. तुरीच्या काटक्या, झाडणीचे हीर, मासळीचं जुनं जाळं, काहीही चालतं. सगळ्यांत चांगला आधार म्हणजे दुसरं झुडूप. माझी आता जास्वंदीतून चढते. बुडाशी सावली, शेंड्याला ऊन, हेच तिला रानातही मिळतं.

पानं एका रात्रीत गायब. ही अळी ओळखायला सोपी आहे: काळसर अंग, त्यावर पांढरे ठिपके आणि लालसर-केशरी डाग, आणि एकटी कधीच नसते. पॉलिटेला ग्लोरिओसी असं तिच्या पतंगाचं नावच कळलावीवरून पडलंय. गॅलरीत लिली किंवा नागदवणा असेल तर ती तिथूनच आलेली असते, कारण त्यांची पानंही तिला आवडतात. म्हणजे कळलावी साफ करून उपयोग नाही, शेजारची लिलीही तपासायची. सकाळी लवकर हातमोजे घालून वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. लहान असताना निंबोळी अर्क चालतो, बोटभर झाल्यावर ती निंबोळीला जुमानत नाही. आठ-दहा दिवसांनी नवी पिलावळ निघते, तेव्हा पुन्हा एकदा.

पानांवर तपकिरी डाग पडून करपणं हा सततच्या पावसाचा त्रास आहे. डागाळलेली पानं काढा, कुंड्या एकमेकींपासून लांब करा, अगदीच वाढलं तर एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद नि चुन्याचं बुरशीनाशक). मुंबई-ठाण्याच्या जुलैत थोडं करपणारच, त्याचा फार विचार करू नका.

फुलंच येत नाहीत? कंदाचा आकार विचारा. करंगळीएवढ्या कंदाला पहिल्या वर्षी फक्त पानं येतात. बियांपासून केलेलं रोप असेल तर फुलायला तीन-चार वर्षं लागतात, आणि बी उगवायलाच काही महिने घेतं. कंद मोठा असूनही फूल नसेल तर एक तर ऊन कमी पडतंय, नाही तर तुम्ही युरिया घातलाय.

फुलं येतात पण शेंग धरत नाही, ही तक्रार मला आवडते, कारण तिच्यामुळे फूल नीट बघितलं जातं. कळलावीच्या फुलात स्त्रीकेसराची दांडी बुडापाशीच काटकोनात वळून बाहेर निघते, परागकोशांपासून जणू तोंड फिरवून. आपलेच पराग आपल्यावर पडू नयेत अशी ही सोय. फुलपाखरू किंवा शिंजीर पक्षी भोवती घिरट्या घालताना त्याच्या पंखांना लागून पराग पोचतात. सातव्या मजल्यावर शिंजीर रोज येत नाही. तेव्हा सकाळी दव वाळल्यावर एका फुलाचा परागकोश चिमट्याने घेऊन दुसऱ्या फुलाच्या त्या बाहेर आलेल्या टोकाला हलकेच घासा. तमिळनाडूत ओट्टनछत्रम, मूलनूर भागात शेतकरी बियांसाठी कळलावीची शेती करतात, आणि तिथेही सकाळी बायामाणसं शेतात हाताने परागीभवन करत असतात. शेंग तडकली की आतून शेंदरी बिया दिसतात. लहान मुलांना त्या फारच मोहक वाटतात, म्हणून घरात पोर असेल तर शेंग धरूच देऊ नये हा माझा सल्ला.

शेती बियांसाठी का, हे सांगायचं तर औषधाकडे वळावं लागतं. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण कंद मागणाऱ्यांपैकी निम्म्यांना फुलाशी देणंघेणं नसतं, ‘सांधेदुखीवर चांगली असते ना?’ हा त्यांचा खरा प्रश्न असतो.

नावापासून सुरुवात करू. कळ लावणारी ती कळलावी. कळ म्हणजे बाळंतपणाची कळ. जुन्या काळी अडलेल्या बाळंतिणीच्या ओटीपोटावर, बेंबीभोवती, तळपायांना सुईण कंद उगाळून लेप लावायची, आणि बाळ-वार बाहेर पडताच लेप तातडीने धुऊन काढायची. पोटात द्यायची वस्तू ती नव्हेच. संस्कृतातलं गर्भनुत् हे नावही तेच सांगतं. विशल्या हे दुसरं नाव शल्य, म्हणजे रुतलेला काटा वगैरे, काढण्याच्या उपयोगावरून. रानातली माणसं पानांचा रस उवांवर लावत. आयुर्वेदाने तिला उपविषांत बसवलंय आणि वापरण्याआधी कंद गोमूत्रात भिजवून शोधन, म्हणजे विष कमी, करायला सांगितलंय. ज्या वस्तूला शास्त्रच विष म्हणतं ती यूट्यूब बघून घरी उगाळायची नसते, एवढं तरी कळावं.

आमच्या आजीकडे ‘कळ’ शब्दाचा दुसराच अर्थ चालायचा. कळलावी घरात आणली की घरात भांडणं लागतात! कळलाव्या नारदाची बहीण जणू. त्यामुळे फूल कितीही देखणं असलं तरी ते कुंपणावरच राहायचं. काही गावांत तिला गौरीचे हात म्हणतात नि गौरीच्या सणापुरता तिला मान मिळतो, आमच्याकडे तोही नव्हता. मला लहानपणी हा निव्वळ वेडेपणा वाटायचा. आज वाटतं, रांगत्या पोरांच्या घरापासून हे झाड लांब ठेवायला याहून सोपा धाक कुणाला सुचला असता?

कारण विष खरं आहे. कंदात, बियांत, खरं तर सगळ्याच भागांत कोल्चिसिन असतं, आणि बियांसाठी शेती होते ती याच औषधी द्रव्यासाठी. हे द्रव्य 1820 मध्ये फ्रान्समध्ये पेल्तिए आणि कावांतू यांनी कळलावीच्याच कुळातल्या कोल्चिकम या युरोपी फुलझाडातून वेगळं केलं. गाउट, म्हणजे यूरिक अॅसिडमुळे सांधा सुजून लाल होण्याच्या दुखण्यावर डॉक्टर आजही त्याच्या गोळ्या देतात, पण मिलिग्रॅमच्या अंशांत मोजून. ‘सांधेदुखीवर चांगली’ या ऐकीव गोष्टीत तथ्य आहे ते एवढंच. कंदाच्या तुकड्यात ते किती आहे हे घरात कोण मोजणार? कोल्चिसिन पेशींचं विभाजन अडवतं. वनस्पतीच्या पेशींत याचा फायदा करून घेता येतो: गुणसूत्रं दुप्पट होतात पण पेशी दुभंगत नाही. बिनबियांच्या कलिंगडाची सुरुवात याच युक्तीतून झाली. माणसाच्या अंगात मात्र ज्या पेशी सतत नव्या बनतात त्यांच्यावर पहिला घाव बसतो. आधी आतडी, काही तासांत उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब. मग रक्त बनवणारी मज्जा, मूत्रपिंडं, हृदय. त्यातून वाचलेल्यांचे केस आठवडा-दोन आठवड्यांनी गळतात. शिजवल्याने विष जात नाही. श्रीलंकेत आणि दक्षिण भारतात रताळं किंवा दुसरा कंद समजून खाल्ल्याने माणसं दगावलेली आहेत.

ही चूक किती सहज होते ते आमच्या घरातच दिसलं. मी काढून ठेवलेले कंद वर्तमानपत्रात गुंडाळून स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत ठेवले होते. आत्या राहायला आली होती. तिने गावाहून आणलेले करांदे आणि कणगी, हे खायचे कंद, त्याच खिडकीत. संध्याकाळी तिने उकडायला पातेलं चढवलं आणि मला हाक मारली, “हा नांगरासारखा कुठला गं? साल फारच पातळ आहे.” हातातला कंद तिने सुरीने अर्धा सोललेला होता. सोललेलं सगळं, पातेल्यातलं पाणी, बाकीचे करांदे, सगळं फेकलं. सुरी आणि पाट दोनदा घासले, आत्याला हात साबणाने धुवायला लावले. ती बिचारी चांगल्या करांद्यांसाठी हळहळत राहिली.

तेव्हापासूनचे माझे नियम: कंद हाताळताना हातमोजे, स्वयंपाकघरात कंद आणायचा नाही, मांजर-कुत्रं कुंडी उकरत असेल तर झाड लावायचंच नाही. कुणाच्या पोटात गेलंच तर उलटी होते का ते बघत घरी बसू नका, लक्षणं उशिरा दिसतात. थेट मोठ्या रुग्णालयात, आणि उरलेला कंद किंवा पान पिशवीत घालून सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना नेमकं काय खाल्लं ते कळेल.

कंद मिळवायचे तर ज्याच्याकडे वाढतेय त्याच्याकडून मागून घ्या किंवा शेंगा वाळल्यावर बी घ्या. सह्याद्रीत भटकताना फूल दिसलं म्हणून खणू नका. एक तर अभयारण्यात तो गुन्हा आहे, आणि दुसरं म्हणजे श्रावणात फुललेल्या वेलाचा कंद काढला तर जुना संपलेला नि नवा अपुरा, असा तो तुमच्या कुंडीतही जगत नाही.

माझ्या कुंडीवर आता दिवाळीपासून एक पाटी असते, कारण घरातले सगळे रिकाम्या दिसणाऱ्या कुंडीत मायेने पाणी ओततात, तर कुणी त्यात कोथिंबीर पेरतं. पाटीवर लिहिलंय: ‘रिकामी नाही. झोपली आहे. पाणी घालू नये. कंद विषारी.’ गेल्या वर्षी नवऱ्याने तरी एकदा तांब्याभर पाणी घातलंच. कुंडी आडवी होती, सगळं वाहून त्याच्याच पायावर गेलं.